गोल्फ क्लबच्या दोन्ही शाफ्टवर 'एस'च लिहिलंय, मग हातात ताठ वाटणाराच चेंडू उंच का उडवतो?

पहाटेची_टी (धागाकर्ता)

मंडळी, तीन आठवडे हे डोक्यात घोळतंय, शेवटी धागाच काढला.

माझ्याकडे एकाच ड्रायव्हर हेडला (सर्वांत लांब मारायच्या गोल्फ क्लबचं डोकं) बसणारे दोन शाफ्ट, म्हणजे दांडे, आहेत. दोन्हींवर 'एस' (स्टिफ, म्हणजे ताठ) छापलेलं आहे. लांबी दोन्हींची ४५ इंच, ग्रिप एकाच जातीची, स्लीव्ह (शाफ्ट डोक्याला जोडणारी, डोक्याचा कोन बदलता येणारी नळी) १०.५ अंशांवर. ग्रिप चढवण्याआधी काट्यावर ठेवले तर एक ६६ ग्रॅम भरला आणि दुसरा ६४. स्विंगवेट (फिरवताना डोकं किती जड लागतं त्याचं माप) दोन्हीकडे डी३. म्हणजे कागदावर भाऊ-भाऊ.

लाँच मॉनिटरवर (फटका मोजणाऱ्या यंत्रावर) प्रत्येकी वीस चेंडू मारले. पाच याचे, पाच त्याचे असे आलटून पालटून, म्हणजे दमल्याचा परिणाम एकावरच यायला नको. क्लबहेडचा वेग दोन्हींचा सरासरी ९८ मैल प्रतितास. पुढचे आकडे बघा. लाँच म्हणजे चेंडू निघतो तो कोन, स्पिन म्हणजे मिनिटाला त्याच्या गिरक्या.

शाफ्ट अ: लाँच १३.६ अंश, स्पिन ३१८०.
शाफ्ट ब: लाँच ११.९ अंश, स्पिन २४६०.

फरक पडतो एवढंच असतं तर मी हा धागा काढला नसता. कोडं पुढेच आहे. हातात धरून हलवला, सावकाश फिरवला, की 'अ' हा ताठ वाटतो. अगदी दांड्यासारखा. 'ब' मात्र वरून खाली येताना छान लवतो, त्याचं वजन हाताला कळतं. मी आजवर ऐकत आलोय की मऊ शाफ्ट चेंडू उंच नेतो आणि ताठ शाफ्ट खाली ठेवतो. इथे बरोब्बर उलटं झालंय. हातात ताठ असलेला उंच उडवतो, हातात मऊ असलेला खाली ठेवतो.

माझं काही चुकतंय का? जाणकारांनी सविस्तर लिहावं, आकडेमोड चालेल.

कार्बन_कांडी

तुमचं काही चुकत नाहीये. तुम्ही एकच शब्द दोन वेगळ्या जागांसाठी वापरताय, तिथे घोळ झालाय. सविस्तर लिहितो, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

पहिलं म्हणजे ते अक्षर. एल, ए, आर, एस, एक्स या अक्षरांमागे सगळ्या उद्योगाने मान्य केलेलं मोजमाप नाही. एका कंपनीचा एस दुसरीच्या आरएवढा असू शकतो. त्याच कंपनीच्या दोन मालिकांतले एससुद्धा जुळतीलच असं नाही. म्हणून क्लब बांधणारे लोक फ्रिक्वेन्सी मोजतात: बटकडचे (ग्रिपच्या टोकाचे) पाचेक इंच घट्ट पकडायचे, टिपला (डोक्याकडच्या टोकाला) ठरावीक वजन लावायचं, खेचून सोडायचं आणि मिनिटाला किती हेलकावे होतात ते बघायचं. तेच सीपीएम. आकडा जास्त, तर शाफ्ट जास्त ताठ.

पण सीपीएमसुद्धा अर्धीच गोष्ट सांगतो. एक टोक घट्ट धरून काठी वाकवली की सगळ्यात जास्त ताण पकडलेल्या टोकापाशी येतो. त्यामुळे तो आकडा मुख्यतः बटच्या ताठपणाचा असतो. टिपकडचे शेवटचे दहा-बारा इंच कसे आहेत हे त्यात फारसं उतरत नाही. दोन शाफ्ट सीपीएमला जुळे निघतील, आणि एकाची टिप लोखंडी गजासारखी तर दुसऱ्याची छडीसारखी असेल.

हे पकडण्यासाठी ईआय आलेख काढतात. ई म्हणजे पदार्थाचा मूळ ताठपणा. आय म्हणजे त्या जागी नळीचा व्यास आणि भिंतीची जाडी यांतून येणारा ताठपणा. शाफ्टला दोन टेकू द्यायचे, मध्ये भार टाकायचा, किती लवला ते मोजायचं, मग थोडं पुढे सरकून पुन्हा तेच. असं टोकापासून टोकापर्यंत केलं की एक रेघ मिळते. बटला उंच, टिपला खाली. दोन ड्रायव्हर शाफ्टच्या रेघा शेजारी ठेवल्या की सगळं उलगडतं: कुणी मध्येच खड्ड्यासारखी खाली जाते, कुणी टिपजवळ पुन्हा वर चढते.

माझा अंदाज असा. तुमचा 'अ' बटला ताठ आणि टिपला मऊ आहे. 'ब' बटला मऊ आणि टिपला ताठ. हातांना कळतं ते बट. चेंडूला कळते ती टिप.

आता टिप चेंडूला कशी कळते ते. डाउनस्विंग (क्लब वरून खाली आणणं) सुरू होताना हात खेचतात, डोकं मागे रेंगाळतं, शाफ्ट मागे वाकतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण चेंडूपाशी पोचेपर्यंत चित्र पालटलेलं असतं. क्लबहेडचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेत नसतो, तो मागे आणि टोच्या (डोक्याच्या शाफ्टपासून दूरच्या टोकाच्या) बाजूला असतो. वेगाने फिरताना डोकं बाहेरच्या बाजूला ओढलं जातं आणि तो मध्य हातांच्या रेषेत यायला बघतो. त्यामुळे शाफ्ट पुढे, म्हणजे लक्ष्याच्या दिशेने वाकतो आणि टो थोडी खाली झुकते. शाफ्ट पुढे वाकला की फेस (चेंडूला लागणारी बाजू) आभाळाकडे बघायला लागतो, म्हणजे डायनॅमिक लॉफ्ट (धडकेच्या क्षणी फेस किती वर झुकलाय तो कोन) वाढतो. फेस किंचित बंदही होतो. टिप मऊ असेल तर हे वाकणं डोक्याच्या अगदी जवळ होतं आणि तेवढ्याच ओढीत फेसचा कोन जास्त बदलतो. ड्रायव्हरचा चेंडू किती कोनात निघणार हे मुख्यतः डायनॅमिक लॉफ्टवर ठरतं, साधारण ८५ टक्के. उरलेला वाटा क्लब वर जात होता की खाली येत होता याचा.

तुमच्या लाँचमधले ते पावणेदोन अंश मला इथूनच आलेले दिसतात.

रेंजवाली

वाचनखूण साठवली! कांडीदादा, मग हे 'लो किक पॉइंट', 'हाय किक पॉइंट' म्हणतात ते हेच का?

कार्बन_कांडी

@रेंजवाली ताई, हेतू तोच, पण शब्द फसवा आहे. किक पॉइंट ऐकलं की शाफ्टमध्ये एखादी बिजागरी आहे आणि तिथूनच तो मोडतो असं वाटतं. तसं काही नसतं, शाफ्ट सगळीकडे वाकतो. दोन्ही टोकं दाबून सर्वांत उंच कमान कुठे येते ते बघितलं, तर 'लो' आणि 'हाय' यांत फार तर इंच-दोन इंचांचा फरक सापडतो. मोजायच्या पद्धतीही एकापेक्षा जास्त आहेत. मी किक पॉइंट विचारणं सोडून दिलं. टिप किती ताठ आणि बट किती ताठ, एवढंच विचारतो.

सावकाश_लय

माझा अनुभव वेगळा आहे, तोही नोंदवतो. वय साठीच्या पुढे, वेग ८२ मैल प्रतितास. मऊ टिपचे, ताठ टिपचे मिळून चार शाफ्ट मारून पाहिले. लाँचमध्ये अर्ध्या अंशाचाही फरक नाही. मग एवढा ऊहापोह कशासाठी, असा प्रश्न पडतो.

कार्बन_कांडी

काका, एक विचारतो, राग मानू नका. तुमचे मनगटाचे कोन डाउनस्विंगमध्ये लवकर सुटतात का? हात कमरेपर्यंत येण्याआधीच?

सावकाश_लय

हो, शिकवणारे गेली दहा वर्षं तेच सांगताहेत.

कार्बन_कांडी

मग उत्तर तिथेच आहे. क्लब लवकर सुटला की शाफ्टवरचा भार खूप आधी येऊन जातो, चेंडूपाशी पोचेपर्यंत शाफ्ट बऱ्यापैकी सरळ झालेला असतो. टिप मऊ काय, ताठ काय, डोकं जवळपास त्याच कोनात येतं. तुम्ही प्रोफाइलपेक्षा एकूण वजन आणि लॉफ्ट यांवर लक्ष द्यावं असं मी म्हणेन. ज्यांचा रिलीज (मनगटं सुटणं) उशिरा होतो, शेवटच्या क्षणापर्यंत कोन टिकतो, त्यांना टिपचा फरक लख्ख दिसतो. एकच शाफ्ट एकाला उंच उडवतो आणि दुसऱ्याला काहीच करत नाही, असं म्हणतात ते खोटं नाही. दोघंही खरंच सांगत असतात.

अर्धा_मिलिसेकंद

वरचं सगळं पटलं, पण स्पिनच्या आकड्यावर मी अडलोय.

चेंडू फेसला चिकटून असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात शाफ्ट चेंडूला काहीच करू शकत नाही. धडकेची लाट हातांपर्यंत पोचून मेंदूला कळेपर्यंत चेंडू गेलेलाही असतो. म्हणजे शाफ्टला जे करायचं ते धडकेच्या आधी: डोकं कुठल्या कोनात, किती वेगात आणि कुठल्या जागी आणून ठेवायचं. मॅकेन्झी आणि स्प्रिगिंग्ज या संशोधकांनी २००९ मध्ये गोल्फरची संगणकीय प्रतिकृती बनवून शाफ्टचा ताठपणा बदलून पाहिला होता. वेगात फारसा फरक पडला नाही, चेंडूवर येतानाचा लॉफ्ट मात्र बदलला. कांडीदादांच्या म्हणण्याला हे धरूनच आहे.

पण स्पिन येतो स्पिन लॉफ्टमधून, म्हणजे डायनॅमिक लॉफ्ट वजा अटॅक अँगल (क्लब चेंडूवर वर जाताना येतो की खाली येताना, तो कोन). धागाकर्त्यांच्या वेगाला स्पिन लॉफ्ट एका अंशाने बदलला तर स्पिन अंदाजे दोन-तीनशेने हलावा. लाँचमध्ये १.७ चा फरक म्हणजे लॉफ्टमध्ये दोनेक अंश. त्या हिशोबाने स्पिनमध्ये चारशे-पाचशेचा, ताणून सहाशेचा फरक समजू शकतो. इथे ७२० आहे. उरलेले कुठून आले?

माझा संशय धडकेच्या जागेवर आहे. ड्रायव्हरचा फेस उभ्यातही गोलसर असतो. मध्याच्या वर लागलेला चेंडू उंच निघतो आणि त्याचा स्पिन कमी होतो. खाली लागलेला खालून निघतो आणि स्पिन वाढतो. एका बोटाच्या रुंदीने जागा बदलली तरी काही शे स्पिन इकडचा तिकडे होतो.

पहाटेची_टी, फेसवर पावडरचा स्प्रे मारून पुन्हा वीस-वीस चेंडू मारा आणि प्रत्येक ठशाचा फोटो काढा. तोवर स्पिनचं श्रेय किंवा दोष शाफ्टला देऊ नका.

पहाटेची_टी

हे डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी करतो. कांडीदादा, ईआय मोजायचं यंत्र नसताना टिप-बटचा अंदाज घरी घेता येईल का?

कार्बन_कांडी

येईल. हेड काढा. शाफ्ट ग्रिपकडून व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आडवा पकडा, टिपला एक किलोचं वजन टांगा, किती खाली आला ते मोजा. मग उलटा करा: स्लीव्ह पकडा, वजन ग्रिपच्या टोकाला. पहिल्या मापात बट बोलते, दुसऱ्यात टिप. व्हाइसच्या जबड्यात रबराचा तुकडा ठेवा आणि हलक्या हाताने आवळा. ग्राफाइटला चीर गेली तर बाहेरून दिसणारही नाही.

लोखंडी_सात

ड्रायव्हरचीच चर्चा चाललीय म्हणून आयर्नची (ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर, चेंडू टाकायच्या क्लबची) बाजू मांडतो.

आयर्नमध्ये माझ्या मते वजन आधी आणि प्रोफाइल नंतर. डायनॅमिक गोल्ड एस३०० हा शाफ्ट साधारण १३० ग्रॅमचा, टिपला ताठ, चेंडू खाली ठेवणारा. एन.एस. प्रो ९५०जीएच शंभरीच्या आतला. मी पहिल्यावरून दुसऱ्यावर गेलो आणि ७ आयर्न ग्रीनवर उंचावरून पडायला लागली. त्यातलं टिपचं किती आणि हलकेपणामुळे माझी लय बदलली त्याचं किती, हे वेगळं काढणं मला जमलं नाही. आणखी एक गैरसमज दूर करतो: एस२००, एस३००, एस४०० यांत आकडा वाढला की शाफ्ट ताठ होतो असं बरेच जण समजतात. फ्लेक्स तोच आहे, वजनाची प्रतवारी वेगळी आहे.

आणि कळकळीने एक सांगतो. टिप कापण्याआधी शंभर वेळा विचार करा. टिपकडून कापलं की मऊ भाग जातो आणि शाफ्ट ताठ होतो, हे वाचून मी एक आवडता शाफ्ट क्लब बांधून देणाऱ्याकडे नेला. एक इंच सांगितला होता, त्याने दोन कापले. त्या दिवसापासून तो शाफ्ट माझ्या हातात मेला. चेंडू खाली आणि उजवीकडे, आणि फेसच्या मध्यावर बसला तरी हाताला लाकूड आपटल्यासारखं. कापलेलं परत जोडता येत नाही. आता मी टेपवर स्वतः खूण करतो आणि कापताना शेजारी उभा राहतो.

रेंजवाली

@लोखंडी_सात, वाईट वाटलं वाचून. पण 'लाकूड आपटल्यासारखं' ही भावना टॉर्कची तर नव्हे? माझ्या जुन्या शाफ्टचा टॉर्क ५ अंशांच्या वर होता, आताचा साडेतीन. मला जुनाच गोड लागायचा.

कार्बन_कांडी

टॉर्कचा वाटा असतो ताई. टॉर्क म्हणजे ठरावीक पीळ दिल्यावर शाफ्ट किती अंश वळतो. कार्बनचे पातळ पत्रे सळईभोवती गुंडाळून शाफ्ट बनतो. लांबीच्या दिशेने धागे असलेले थर वाकणं रोखतात, तिरपे ४५ अंशांचे थर पीळ रोखतात. टॉर्क कमी करायचा म्हणजे तिरपे थर वाढवायचे किंवा जास्त ताठ धागा वापरायचा. त्यामुळे कमी टॉर्कचे शाफ्ट बहुतेक वेळा हाताला टणक लागतात. तुमच्या वेगाला पाच अंशांचा टॉर्क गोड लागत असेल तर तो सोडायचं मला काही कारण दिसत नाही. हिकरीच्या (लाकडी शाफ्टच्या) काळात तर याहून कितीतरी जास्त पीळ बसायचा, आणि १९३० मध्ये गोल्फर बॉबी जोन्स हिकरीच्याच शाफ्टनी चारही मोठ्या स्पर्धा जिंकला.

पहाटेची_टी

आलो परत. लांबलचक प्रतिसाद आहे, क्षमस्व.

आधी व्हाइस. ग्रिपकडून पकडून टिपला किलोभर वजन टांगलं, तर 'ब' हा 'अ'पेक्षा ९ मिलिमीटर जास्त लवला. उलटा करून स्लीव्ह पकडली, तर 'अ' १४ मिलिमीटर जास्त लवला. दोनदा मोजलं. ग्रिप दबते त्यामुळे थोडी चूक असेल, पण ग्रिप दोन्हीवर सारखीच आहे. कांडीदादा, तुमचा अंदाज तंतोतंत निघाला.

आता स्प्रे. फेस पांढराशुभ्र करून पहिला चेंडू 'अ'ने मारला आणि क्लब उलटा करून बघितलं. ठसा खाली, हीलकडे (शाफ्टच्या बाजूला). चेंडूच्या खळग्यांची नक्षीसुद्धा दिसत होती. पुसलं, पुन्हा मारलं, पुन्हा तिथेच. 'अ'च्या वीसपैकी तेरा ठसे मध्याच्या खाली होते. 'ब'चे सहाच खाली, बाकीचे मध्यावर किंवा किंचित वर. फोटो शेजारी लावल्यावर मी बराच वेळ नुसता बघत बसलो. हा फरक मला हाताने जाणवतही नव्हता.

मग दोन्हींचे फक्त मध्यावरचे चेंडू वेगळे काढले:

शाफ्ट अ: लाँच १३.८, स्पिन २८५०.
शाफ्ट ब: लाँच १२.०, स्पिन २५२०.

म्हणजे लाँचमधला फरक जवळपास तसाच राहिला. स्पिनमधला ७२० वरून ३३० वर आला. अर्ध्याहून जास्त फरक धडकेच्या जागेचा होता. अर्धा_मिलिसेकंद, मनापासून आभार. नाहीतर मी 'अ जास्त स्पिन देतो' असं कायमचं समजून बसलो असतो.

अर्धा_मिलिसेकंद

सुंदर काम केलंत. आता पुढचा प्रश्न: 'अ'ने चेंडू खाली का लागतो? टिपमुळे की हातांमुळे?

पहाटेची_टी

हातांमुळे, असं मला वाटतं. व्हिडिओ काढला. 'अ'ची बट ताठ असल्यामुळे वरच्या टोकाला मला काही जाणवत नाही, डोकं कुठे आहे ते कळत नाही. मग मी घाई करतो, खांदे आधी उघडतो आणि थोडा उठतो. 'ब' वरून वळताना हळूच लवतो, मला त्याची वाट बघाविशी वाटते आणि लय आपोआप सुधारते. लाँच मॉनिटर नुसते आकडे दाखवतो, ही जाणीव त्यात कुठेच दिसत नाही. पण ठसे मध्यावर येतात ते तिच्यामुळेच.

कार्बन_कांडी

तुमचा हा प्रतिसाद मला सगळ्या धाग्यात सर्वांत मोलाचा वाटला. 'फील' म्हणजे आवडनिवड, असं म्हणून लोक सोडून देतात. पण बटच्या लवण्यावरून ट्रान्झिशनची (वरून खाली वळण्याची) वेळ ठरते, वेळेवरून डोक्याची वाट ठरते, आणि त्या वाटेवर धडकेची जागा. मात्र हे माणसागणिक उलटही असतं. वरून जोरात खेचणाऱ्याला मऊ बट दिली की त्याला डोकं मागेच राहिल्यासारखं वाटतं आणि तो हातांनी फेस बंद करायला जातो. त्याला 'अ'सारखाच शाफ्ट लागतो. तयार शाफ्टमध्येही ही विभागणी दिसते: फुजिकुरा कंपनीच्या व्हेंटस शाफ्टमध्ये ब्लॅक चेंडू खाली ठेवणारा, ब्लू मधला, रेड वर नेणारा. पण रंग बघून घेऊ नका, त्याच्याने मारून आणि ठसे बघून घ्या.

तुमच्यासाठी सुचवतो: 'ब' ठेवा आणि स्लीव्हने लॉफ्ट एक अंश वाढवा. ९८ च्या वेगाला १२ अंशांचं लाँच जरा कमीच आहे. स्लीव्हने लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद दिसेल, तेवढं लक्षात ठेवा.

पहाटेची_टी

केलं. 'ब', स्लीव्ह ११.५ वर, मध्यावरचे चौदा चेंडू: लाँच १२.९, स्पिन २७००. कॅरी (चेंडूने हवेत कापलेलं अंतर) आधीपेक्षा सरासरी ५ यार्ड जास्त. चेंडू किंचित डावीकडून सुरू होतोय, पण माझा मूळ कल उजवीकडे जाण्याचा, त्यामुळे फेअरवेच्या मध्याकडे येतोय. हाच ठेवणार.

आता 'अ' रिकामा पडलाय. ३ वूडला (ड्रायव्हरखालोखाल लांब मारायच्या क्लबला) लावला तर? जमिनीवरून मारताना उंच उडणारा हवाच आहे मला. पण लोखंडी_सात यांचं वाचून टिप कापायची धास्ती बसलीय.

लोखंडी_सात

बसू द्या धास्ती, चांगलीच आहे ती.

कार्बन_कांडी

३ वूडचं डोकं ड्रायव्हरपेक्षा जड असतं, त्यामुळे तोच शाफ्ट तिथे मऊ वाटतो. म्हणून टिप अर्धा ते एक इंच कापण्याची पद्धत आहे. तुम्हाला ४५ वरून ४३ वर यायचंय, म्हणजे एकूण दोन इंच जाणारच. पण आधी दोन्ही इंच बटकडून कमी करा आणि टिपला हात न लावता महिनाभर खेळा. बट ताठ आहे, थोडी गेली तरी चालेल. चेंडू फारच उंच चढून पडायला लागला, तर मग स्लीव्ह काढून टिपचा अर्धा इंच घेऊ. लांबीतला तो अर्धा इंच ग्रिपखाली एक्स्टेंशन घालून भरून काढता येतो.

आणि टेपवर खूण स्वतः करा.

पहाटेची_टी

ठरलं. ग्रिप आज रात्री काढतो. ३ वूडच्या ठशांचे फोटो याच धाग्यात टाकेन.